डोहाळे आधी लागले

४ जून

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद, आणि या खेपेला नेहमीपेक्षा दुप्पट.

गोट्याचं पत्र काल आलं. तो लिहितो की तुला हल्ली दिवसभर बर्फ चघळावासा वाटतो, जिना चढताना धाप लागते, बसल्या बसल्या डुलकी येते आणि मागच्या आठवड्यात कामावर भोवळ आली. खाली लिहिलंय, 'काळजी वाटते.' माझा भाऊ वजनकाटे दुरुस्त करण्यात हुशार आहे. बाकी बाबतीत त्याचा काटा शून्यावरच असतो.

अगं, हे डोहाळे आहेत. मला मूल नाही, पण गिरणीत मागावर आयुष्य गेलं. माझ्या डाव्या-उजव्या मागांवरच्या बायका मिळून अकरा वेळा बाळंत झाल्या. एकीला रॉकेलचा वास प्यावासा वाटायचा. बर्फ म्हणजे काहीच नाही.

लग्नाला सहा वर्षं झाली तुमच्या. मी कधी विचारलं नाही, कारण मला विचारलेलं आवडायचं नाही.

मी कुणालाही सांगितलेलं नाही. फक्त शेजारच्या दोघींना, खालच्या शिंपिणीला आणि दूधवाल्याला. दूधवाल्याला सांगावंच लागलं. मी दारात रडत होते आणि त्याला वाटलं दूध नासकं निघालं.

जड उचलू नकोस. फोनही करू नकोस, मला फोनमधून नुसती माशी ऐकू येते. मागांच्या खडखडाटात कान गेले ते गेले. लिही.

अक्का


११ जून

ती. अक्का,

नमस्कार. पत्र बसून वाचा.

मला दिवस गेलेले नाहीत. रक्त गेलंय.

तपासणी केली. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक चार. बाईचं बारा तरी असावं म्हणतात, म्हणजे मी साधारण अर्धी आहे. अंगात लोह कमी झालं की माणसाला भलतंसलतं खावंसं वाटतं म्हणे. कुणाला माती, कुणाला खडू, मला बर्फ. आणि मी नोकरीला बर्फाच्या कारखान्यात. कॉम्प्रेसरच्या काट्यांवर नजर ठेवायची हे माझं काम, पण लाद्या फोडायच्या यंत्राखाली जे तुकडे पडतात ते मी ओंजळीने उचलते. तो बर्फ माशांसाठी असतो. मासे तक्रार करत नाहीत, कारण ते मेलेले असतात. घरी मी फ्रीजमधला खाते. त्या आवाजात ह्यांना टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत नाहीत.

रक्त जातं कुठे, तर दर महिन्याला नऊ-नऊ दिवस. तुम्हाला कधी लिहिलं नाही, कारण मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं आणि बाकीच्या बोलत नाहीत.

कारखान्याच्या वळणावर एक डॉक्टर आहेत, त्यांना दाखवलं. ते माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाले, "पिशवी काढून टाका. रक्त थांबेल. मूल तसंही होत नाहीये, मग ठेवून करायचं काय?" घरातल्या जुन्या कपाटाबद्दल बोलावं तसं. हे म्हणाले, "बरं."

परत येताना बसमध्ये मी विचारलं, "बरं काय?" म्हणाले, "मला तू जिवंत हवीस." त्यानंतर दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त भाजीबद्दल बोललो.

महिनाअखेरची तारीख दिली आहे.

शेजारणींना, शिंपिणीला आणि दूधवाल्याला काय सांगायचं ते तुम्हीच बघा.

धाकटी


१७ जून

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. सांगितलं सगळ्यांना. शेजारणी हळहळल्या. एक जरा जास्तच हळहळली, ती मला आधीपासून आवडत नाही. दूधवाला म्हणाला, अभिनंदन एकदा केलं की परत घेता येत नाही, पुढच्यासाठी राहू दे.

आता ऐक. मीही खायचे. बर्फ कुठला, आमच्याकडे फ्रीज नव्हता. मी भिंत खाल्ली.

गिरणीच्या खोलीत पलंगाच्या बाजूची भिंत चुन्याची होती. नखाने खरवडायची आणि जिभेवर ठेवायची. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सुरू झालं. आमच्या ह्यांना वाटलं ओल आलीय, म्हणून त्यांनी गिरणीत अर्ज केला. गिरणीने माणूस पाठवला. त्याने भिंत बघितली, मग माझी नखं बघितली, आणि लिहून गेला, 'ओल नाही.' सासूबाईंनाही आधी डोहाळेच वाटले. त्यांनी सात महिने वाट पाहिली. मग म्हणाल्या, "आधीच आळशी, त्यात वांझ, आणि वर भिंत खाते."

माझंही तुझ्यासारखंच जायचं. त्या दिवसांत काळी साडी नेसून मागावर उभी राहायचे. रक्त कुणी तपासलं नाही. गिरणीत डॉक्टर होता, पण तो बोट तुटलं तरच बघायचा.

म्हणून सांगते, एका माणसाने म्हटलं म्हणून अंगातली वस्तू काढून देऊ नकोस. दुसरीकडे जा. तुझ्याकडे बघून बोलणारी कुणी बाई डॉक्टर शोध.

गोट्यावर रागावू नकोस. तो 'बरं' म्हणाला ते घाबरून. आमची आई बाळंतपणात गेली, रक्त जाऊन. तो सात वर्षांचा होता. हे त्याने तुला सांगितलं नसणार.

आणि त्या डॉक्टरीणबाईला माझं एक विचार. भिंत खाणाऱ्या बाईला वेळेवर गोळ्या मिळाल्या असत्या तर मूल झालं असतं का? सहज विचारतेय. मला घाई नाही, मी अठ्ठावन्न वर्षांची आहे.

अक्का


२ ऑगस्ट

ती. अक्का,

नमस्कार. उशीर झाला, पण लिहिण्यासारखं होईपर्यंत थांबले.

पिशवी जागेवर आहे. नवीन डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान आहे आणि सारखी कपाळाला आठ्या घालते, पण माझ्याकडे बघून घालते. तिने सोनोग्राफी करून सांगितलं की पिशवीच्या आतल्या बाजूला लिंबाएवढी गाठ आहे. रक्त तिच्यामुळे जातं, आणि मूल राहत नाही तेही बहुधा तिच्यामुळेच. तेवढी गाठ काढता येईल. पण एवढ्या कमी रक्तावर ती ऑपरेशन करणार नाही. आधी दहा करून आणा म्हणाली, दुकानातून आणायचं असल्यासारखं.

आणि तोपर्यंत दिवस जाता कामा नयेत. आत्ता गेले तर मलाही धोका आणि बाळालाही. म्हणजे सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता होऊ नये म्हणून आम्ही जपायचं. मी ह्यांना औषधांच्या दुकानात त्यासाठी काय हवं ते आणायला पाठवलं. दुकानात ओळखीची माणसं होती. हे खोकल्याचं औषध घेऊन आले. ते आम्ही संपवलं.

लोहाच्या गोळ्या मला सोसेनात, पोटात दगड भरल्यासारखं व्हायचं. मग शिरेतून दिलं. काळ्या चहासारखं दिसतं. बाटली संपेपर्यंत हे समोर बसून थेंबांकडे बघतात. नर्सला दोनदा म्हणाले, "एक थेंब हळू पडला." आता रक्त आठ पूर्णांक नऊ आहे.

एक गंमत सांगते. दुसऱ्या बाटलीनंतर चार-पाच दिवसांनी मी कामावर लाद्यांच्या ढिगासमोर उभी होते, आणि लक्षात आलं की तो नुसता बर्फ आहे. इतकं वाईट वाटलं. कुणीतरी बोलायचं थांबल्यासारखं.

माझ्या सासूबाईंचं, म्हणजे तुमच्या आईचं, मला खरंच माहीत नव्हतं. 'तापाने गेली' एवढंच ह्यांनी सांगितलं होतं. तुमचं पत्र वाचून विचारलं, तेव्हा हे बराच वेळ एक तागडी पुसत बसले. मग म्हणाले, "अक्का मला दुसऱ्या खोलीत घेऊन गेली. दार लावलं आणि म्हणाली, मोठ्याने पाढे म्हण, थांबायचं नाही. मी सतरापर्यंत गेलो तेव्हा तिने दार उघडलं." अक्का, तुम्ही तेव्हा चोवीस वर्षांच्या होता. मी हिशेब केला.

भाजीशिवाय इतर विषयांवर आता बोलतो आम्ही.

धाकटी


९ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. रक्त वाढलं, बरं झालं. जेवणावर लगेच चहा पिऊ नकोस, लोह अंगी लागत नाही म्हणतात.

तुझं पत्र मोठं आहे. त्यात गाठ आहे, बर्फ आहे, खोकल्याचं औषध आहे. माझा प्रश्न नाही. तू विसरणाऱ्यातली नाहीस. मला कानाने ऐकू येत नाही, पण पत्रात जे लिहिलेलं नसतं ते चांगलं ऐकू येतं.

काय म्हणाली ती?

अक्का


१६ ऑगस्ट

ती. अक्का,

विचारलं होतं. पहिल्याच भेटीत.

तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "सांगता येणार नाही." नुसतं रक्त कमी म्हणून मूल होत नाही असं नसतं. तुम्हालाही गाठ असेल, आणखी काही असेल, किंवा तुमच्यात दोष नसेलही. "त्यांच्या मिस्टरांची तपासणी झाली होती?" मी म्हटलं, त्या काळी नवऱ्यांना तपासायची पद्धत नव्हती. ती म्हणाली, "अजूनही फारशी नाही." मग म्हणाली, "उपचार मिळाले असते तर कदाचित झालं असतं."

हे 'कदाचित' मला लिहवेना. ती 'नाही' म्हणाली असती तर लिहिलं असतं. 'हो' म्हणाली असती तरी रडून लिहिलं असतं. कदाचितचं काय करायचं ते मला कळलं नाही, म्हणून चार पानं बर्फाबद्दल लिहिलं.

परवा पुन्हा गेले तेव्हा तुमच्याबद्दल तिने मला उलट विचारलं, "त्या अजून काही खातात का?" मी म्हटलं, माहीत नाही. म्हणाली, खात असतील तर ताबडतोब रक्त तपासा. या वयात, पाळी बंद झाल्यावर, रक्त कमी असेल तर ते कुठून जातंय हे शोधलंच पाहिजे. हे बोलताना तिच्या आठ्या दुप्पट झाल्या होत्या.

अक्का, काही खाता का?

धाकटी


२१ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावली असशील. मी पडून होते.

खात होते. आता भिंतीला ऑइलपेंट आहे, म्हणून पाटीवरची पेन्सिल. वाण्याला वाटायचं मी मुलांच्या शिकवण्या घेते. त्याने त्याच्या मुलीसाठीही विचारलं होतं.

तुझं पत्र वाचूनही महिना-दीड महिना टाळलं, मग तपासायला गेले. पाच पूर्णांक आठ. तपासणारी म्हणाली, यंत्र बिघडलंय, परत घेते. परत घेतलं तर पाच पूर्णांक सात. मधल्या वेळात तिने काढून घेतलं तेवढं कमी झालं असणार. मग तिने मला घरी जाऊ दिलं नाही.

घशातून नळी घालून पोट बघितलं. आत जखम होती. गुडघ्यांसाठी मी कित्येक वर्षं रोज गोळी घ्यायचे, त्या गोळ्यांनीच केलेली. ती आतल्या आत थेंब थेंब गळत होती. तीन बाटल्या रक्त चढवलं. कुणाचं होतं कळायला मार्ग नाही, पण माणूस तापट असावा, कारण दुसऱ्याच दिवशी मी नर्सशी भांडले.

गोट्याला बोलावलं आणि शपथ घातली की तुला कळता कामा नये. तुझं ऑपरेशन तोंडावर होतं. तो बिचारा एकाआड एक दिवस यायचा. हातात तीच पिशवी, अंगात तोच शर्ट, डोळे तांबडे. मी विचारलं, दुकान कोण बघतं? म्हणाला, काटे दुरुस्तीचा दौरा आहे. मला शंका आली नाही. काल बोलता बोलता म्हणाला, "दोन्ही दवाखान्यांचे जिने सारखेच आहेत." दोन्ही म्हणजे कुठले, ते तू सांग.

आता रक्त दहावर आहे. परवा गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. वर पोचल्यावर लक्षात आलं की मध्ये कुठे बसले नाही. एरवी दर मजल्याला बसते. शेजारच्या पोरी मला बघून हसतात, मीही हसते. अक्का आळशी आहे हे मी केव्हाच मान्य केलं होतं. सासूबाई म्हणायच्या, मागांवर देखरेख करणारा जॉबर म्हणायचा, पुढे पुढे मीच आधी सांगून टाकायचे म्हणजे दुसऱ्याला त्रास नको.

गच्चीत बराच वेळ बालदी घेऊन उभी राहिले. मी आळशी नव्हते गं. नुसतं रक्त नव्हतं.

मग कपडे वाळत घातले.

अक्का


२८ नोव्हेंबर

ती. अक्का,

दोन्ही म्हणजे एक तुमचा आणि एक माझा.

माझं ऑपरेशन ऑक्टोबरच्या मध्यावर झालं. मीही ह्यांना शपथ घातली होती की अक्कांना झाल्यावरच सांगायचं. मलाही दौऱ्याचंच सांगितलं होतं, आणि तुमचं विचारलं की 'तपासून आली' एवढंच म्हणायचे. ह्यांना खोटं बोलता येत नाही, म्हणून दोघींसाठी मिळून एकच वापरलं. एकदा माझ्या उशाशी पेंगत असताना दचकून म्हणाले, "अक्का, पाणी हवं का?" मी नर्सला बोलावून ह्यांचा ताप बघायला सांगितलं.

तुमचं पत्र मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "म्हणजे आता दोघींनाही माहीत आहे?" मी म्हटलं, हो. "मग मी झोपू?" आणि झोपले ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

गाठ निघाली. बाटलीत घालून दाखवली, तेव्हा हे म्हणाले वजन करून देतो. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच हसली. महिन्याचं रक्त आता चार दिवसांत आटोपतं. उरलेले दिवस काय करायचं ते सुचत नाही. फेब्रुवारीपर्यंत थांबायचं, मग आमचं आम्ही बघायचं, असं ती म्हणाली.

तुमचं गच्चीचं मी कामावर वाचलं, कॉम्प्रेसरच्या खोलीत. तिथे कुणी रडलं तरी ऐकू जात नाही. तो जॉबर अजून आहे का? मला त्याला एक पत्र लिहायचं आहे.

धाकटी


७ ऑगस्ट

ती. अक्का,

नमस्कार. गेले काही महिने मी तुम्हाला हवा, पाणी आणि शेजारचं बांधकाम याबद्दलच लिहिलं. तुम्ही काही विचारलं नाहीत. तुम्हाला ऐकू आलं असेलच.

मार्चमध्ये काही नाही. एप्रिलमध्ये नाही. दर महिन्याला हे मला काही न विचारता बाहेर फिरायला न्यायचे आणि एखाद्या दुकानाचा काटा कसा चुकीचा आहे ते सांगायचे. मेच्या शेवटी पाळी आली नाही, तर मी ती विसरले असं ठरवलं. पंधरा दिवस स्वतःलाही सांगितलं नाही. यावेळी काहीही वेगळं खावंसं वाटत नव्हतं, त्यामुळे खात्रीच वाटेना.

अक्का, चौदावा आठवडा आहे. काल पडद्यावर बघितलं. एक हात कपाळावर ठेवून पडलंय, दिवसभराचं काम करून आल्यासारखं. ठोके व्यवस्थित आहेत.

रक्त दहा पूर्णांक एक. डॉक्टरीणबाई म्हणते, पुढे आणखी उतरू शकतं, म्हणून दर महिन्याला तपासायचं, आणि बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करायचं. हे ऐकून हे सरळ रक्तपेढीत गेले आणि स्वतःचं रक्त देऊन आले. गट जुळत नाही. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "माहीत आहे. कुणाला तरी लागेल." रात्री मी कूस बदलली तरी उठून दिवा लावतात.

ते घाबरलेत म्हणून मी घाबरत नाही असं दाखवते. ते मला आता जड जातंय. हे घरात कुणाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. मला भीती वाटते, अक्का. तुम्ही याल का?

धाकटी


१३ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. पत्र आलं तेव्हा वाचलं, जेवून पुन्हा वाचलं.

भीती वाटते ते बरोबरच आहे. मलाही वाटते. आईच्या वेळी मी गोट्याला दुसऱ्या खोलीत ठेवलं आणि परत आत गेले, हे त्याला माहीत नाही. शेवटपर्यंत आत होते. सुईण होती, दोन मावश्या होत्या. रक्त किती गेलं ते कुणाला सांगता येत नव्हतं. आम्ही फडकी बदलत होतो आणि एकमेकींकडे बघत नव्हतो. आईसुद्धा आयुष्यभर दमलेली असायची. आम्ही म्हणायचो, आईचा स्वभावच तसा.

तुझं दर महिन्याला मोजतात. कमी झालं तर सांगतात, आणि काय करायचं तेही सांगतात. सांगणारी तुझ्याकडे बघून बोलते. हा फरक थोडा नाही. रात्री भीती वाटली की एवढंच मनात म्हण. कूस मात्र सावकाश बदल, गोट्याला झोपू दे.

मी खोलीला कुलूप लावून येते. बुधवारी दुपारच्या बसने निघेन, संध्याकाळी पोचेन. बाळंतपण होऊन तू नीट हिंडायफिरायला लागेपर्यंत राहणार. मला कुणी पाहुणीसारखं वागवू नये. तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हे माझ्या लक्षात आहे. सामान घ्यायला कुणीही खाली उतरायचं नाही, तू तर नाहीच. मी घेऊन वर येईन.

आल्या आल्या काय करायचं ते सांगायला लाजू नकोस. कामं काढून ठेव.

अक्का